जुनी गाडी, पण आपल्या नावावर

नवी गाडी घरी येते तेव्हा काय थाट असतो! बोनेटवर हार, चाकाखाली लिंबू, नारळ, शोरूममधला तो मोठ्ठ्या पुठ्ठ्याच्या किल्लीसोबतचा फोटो आणि कॉलनीभर पेढे. जुनी गाडी मात्र दिवेलागणीला गुपचूप येते. शेजारीण विचारते, "नवीन घेतली का वं?" तर घरातलं कुणीतरी लगबगीनं सांगतं, "नाही नाही, ही तात्पुरती. पुढच्या वर्षी नवीनच काढायची आहे." जणू काही कुणाच्या अंगावरचा कपडा मागून आणला! जुन्या लुगड्याची गोधडी शिवून वर्षानुवर्षं पांघरणाऱ्या आपण बायका, पण 'सेकंडहँड' शब्द ऐकला की आपलीही मान खाली जाते.

माझं मत अगदी उलटं आहे. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली अशा गावांत राहणाऱ्या बाईची पहिली गाडी जुनीच असावी, स्वस्त असावी आणि तिच्या स्वतःच्या नावावर असावी. यातल्या तिसऱ्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त जोर आहे. पण तिच्यापर्यंत नंतर येऊ.

आधी 'जुनी' का, ते सांगते. आपल्या घरांत नवी गाडी येते ती हप्त्यावर. समजा, चार लाखांचं कर्ज काढलं, साडेनऊ टक्के व्याज आणि सात वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता साडेसहा हजारांच्या आसपास बसतो. सात वर्षांत नुसतं व्याजच होतं दीड लाख. मैत्रिणींनो, त्या व्याजाच्या पैशात एक चालती-फिरती जुनी गाडी येते! आणि ती हप्त्याची गाडी मिळते का आपल्याला चालवायला? तिच्यावर ओरखडा पडेल या धास्तीनं किल्ली नवऱ्याच्या खिशात. "तू अजून शिकाऊ आहेस, सवय झाली की घे." अहो, पण चालवायला मिळाल्याशिवाय सवय व्हायची कशी? ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन पक्कं लायसन्स काढलेल्या आणि त्यानंतर एकदाही स्टेअरिंगला हात न लागलेल्या किती तरी जणी माझ्या ओळखीत आहेत. लायसन्स पर्समध्ये ओळखपत्र म्हणून पडून आहे. जुन्या गाडीला आधीच चार पोचे असतात, पाचवा आपला. कुणी घर डोक्यावर घेत नाही.

लुना आठवते का? १९७२ मध्ये ती बाजारात आली आणि पुढच्या काळात गावोगावच्या शिक्षिका, नर्सबाई तिच्यावरून जाऊ लागल्या. तेव्हाही लोक बघत राहायचेच. पण लुना हलकी, स्वस्त, पडली तरी उचलता येणारी होती, म्हणून बाईच्या हाती लवकर आली. चारचाकीचं तसं झालं नाही. मारुती ८०० चं उदाहरण घ्या. डिसेंबर १९८३ मध्ये ती आली तेव्हा किंमत पन्नास हजारांच्या आतबाहेर होती, आणि तेवढे पैसेही तेव्हा आपल्याकडे मोजक्याच घरांत असायचे. जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन बंद झालं. मात्र छोट्या गावांत ती पोचली ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मालकाच्या हातांतून. नागपूरच्या डॉक्टरांची गाडी भंडाऱ्याच्या गुरुजींकडे, गुरुजींची लाखांदूरच्या किराणा दुकानदाराकडे. या साखळीत बाईचं नाव मात्र फारसं कुठं दिसत नाही.

आता कुणी म्हणेल, भंडाऱ्यात गाडी हवीच कशाला? खरं सांगू, एकटीला नागपूरला जायचं असेल तर मी आजही एसटीनं जाते. मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे. साठ-पासष्ट किलोमीटरचं अंतर, जाऊन-येऊन पेट्रोलच आठ-साडेआठ लिटर जळतं, आणि पेट्रोल शंभरीच्या वर. हा हिशेब एकटीला परवडत नाही. पण सासूबाईंना डोळ्याच्या तपासणीला न्यायचं, सोबत लेकरू, परत यायला रात्र झालेली, अशा वेळी शेवटची एसटी पकडण्यासाठी डॉक्टरांपुढे घड्याळ बघत बसणं मी खूप केलं आहे. पवनी-लाखांदूरकडच्या खेड्यांत तर रात्री कुणाला दुखलं-खुपलं तर "कुणाची गाडी आहे का?" असं दारोदार विचारत फिरावं लागतं. गाडी मिळाली तर चालवणारा मिळत नाही. रोवणीच्या दिवसांत गडी बांधीत, दिवाळीनंतर मंडईत. अशा वेळी घरातल्याच बाईला चालवता येत असेल तर किती फरक पडतो!

म्हणून जुनी गाडी. पण डोळे मिटून नव्हे हं.

आपल्या भागात जुनी गाडी घेताना मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती पाण्यात बुडालेल्या गाडीची. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला आणि भंडाऱ्याच्या कितीतरी वस्त्या पाण्याखाली गेल्या. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे नागपुरात अंबाझरीच्या परिसरात नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं, आणि उभ्या गाड्या बुडाल्या. अशा गाड्या जातात कुठे? काही भंगारात जातात. काही धुऊन-पुसून, नवे सीटकव्हर चढवून बाजारात येतात आणि नागपूरची जुनी गाडी तर आपल्याकडे येतेच. त्यामुळे वरचं पॉलिश बघू नका. पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा. शेवटच्या वीतभर भागावर मातकट रेषा दिसली की समजा. सीटखालच्या लोखंडी पट्ट्या बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला, पायपुसणी उचलून खालची चटई हुंगा. ओलीचा वास अत्तरानं जात नाही, आणि आपल्या नाकाला तो लगेच कळतो. बुडालेल्या गाडीचं इंजिन दुरुस्त होतं, पण वायरिंग पुढे कधी दगा देईल ते सांगता येत नाही.

दुसरा आपला खास त्रास म्हणजे उंदीर. धानाचा मुलूख, घराघरांत पोती. हिवाळ्यात गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की बोनेटखाली उंदरांचा संसार! वायरी कुरतडल्या की दिवे बंद, कधी गाडीच बंद. बघायला गेलात की बोनेट उघडायला लावा आणि वायरींवर काळी चिकटपट्टी कुठे-कुठे गुंडाळली आहे ते मोजा. टायरवरचे शेवटचे चार आकडेही वाचा. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असतं, आणि आपल्या मे महिन्यातल्या रस्त्यावर म्हातारं रबर फुटायला वेळ लागत नाही. किलोमीटरच्या काट्यावर माझा काडीचा विश्वास नाही. त्यापेक्षा ब्रेकच्या पायदानावरचं रबर बघा. ते गुळगुळीत झालं असेल आणि काटा चाळीस हजार दाखवत असेल, तर खोटं कोण बोलतंय ते आपलं आपल्याला समजतं.

आणि मेस्त्री आपला न्या. विकणाऱ्यानं सुचवलेला नको. त्याला पाचशे-हजार रुपये द्या, फुकट नेऊ नका. फुकटचा सल्ला गोडच असतो.

मोलभाव करताना एक गोष्ट हाताशी ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. नवी उतरली की जुनीही उतरायलाच हवी की नाही? विकणारे हे आपणहून सांगणार नाहीत. आपण भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करतो आणि गाडीच्या व्यवहारात मात्र मागच्या खुर्चीवर चहा घेत बसतो!

एकदा मी मैत्रिणीसोबत गाडी बघायला गेले होते. तिथल्या भल्या माणसानं आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा दिला आणि म्हणाला, "साहेब येत आहेत का? मग दाखवतो." मैत्रीण म्हणाली, "साहेब मीच आहे, दाखवा." तिनं आरसी बुक मागितलं. तर पुढे आला सह्या करून ठेवलेला कोरा फॉर्म. "ताई, गाडी घेऊन जा, नावावर करायचं सावकाश बघू." ती तिथून उठली. चांगली दिसणारी गाडी होती, पण उठली. मला तिचं फार कौतुक वाटलं.

कारण कागदाचं हे 'सावकाश' फार महाग पडतं. नियम असा आहे की, गाडी विकली की विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत फॉर्म २९ वर आरटीओला कळवायचं, आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत फॉर्म ३० भरून नाव चढवायचं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५. आपली भंडाऱ्याची गाडी एमएच ३६, नागपूरची एमएच ३१, ४० किंवा ४९. दुसऱ्या कार्यालयाची गाडी असेल तर तिथल्या आरटीओची ना हरकतही लागते. परराज्यातली असेल तर इथला कर वेगळा भरावा लागतो. स्वस्त म्हणून दिल्लीची गाडी घेणाऱ्यांना हे बहुतेक वेळा नंतर कळतं. परिवहन खात्याच्या अॅपवर गाडीचा नंबर टाकला की विमा कधी संपतो, बोजा आहे का, हे घरबसल्या दिसतं. पोरांना सांगितलं तर दोन मिनिटांत काढून देतात. दंडाच्या पावत्या थकल्या आहेत का तेही बघून घ्या, नाही तर मागच्या मालकाचा दंड आपल्या गळ्यात.

विकताना तर आणखी जपायला हवं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात निकाल दिला. एका माणसानं २००७ मध्येच गाडी विकली होती. तिथून ती आणखी दोन-तीन हातांत गेली, पण कागदावर नाव त्याचंच राहिलं. २००९ मध्ये त्या गाडीनं अपघात झाला, एकाचा जीव गेला, गाडीला विमा नव्हता. न्यायालय म्हणालं, आरटीओत ज्याचं नाव, तोच मालक. भरपाईची जबाबदारी त्याची. विकून दोन वर्षं झाली होती हो!

आपल्याकडे तर याला आता आणखी एक कंगोरा आहे. लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आली, तिच्या अटींत लिहिलं होतं की कुटुंबातल्या कुणाच्या नावावर ट्रॅक्टर सोडून चारचाकी नसावी. फेब्रुवारी २०२५ मध्ये गाडीवाल्यांची यादी घेऊन अंगणवाडी सेविकांनी घरोघरी पडताळणी केली. आता विचार करा, दिराच्या मित्राला कधी काळी विकून टाकलेली जुनी ओम्नी, सही केलेला कोरा फॉर्म देऊन मोकळे झालेले सासरे, आणि यादीत नाव त्यांचंच. पैसे थांबणार कुणाचे? सुनेचे. तिनं ती गाडी कदाचित बघितलीही नसेल. केशरी शिधापत्रिकेलाही चारचाकी नसण्याची अट आहेच.

या अटीबद्दल मला बोलायचंच आहे. सरकार चाकं मोजतं, किंमत मोजत नाही. दीड-दोन लाखांची मोटारसायकल दारात असली तरी चालते, चाळीस हजारांची पंधरा वर्षं जुनी मारुती असली तर तुम्ही श्रीमंत! चार चाकं म्हणजे ऐपत, हे गणित मारुती ८०० नवी होती तेव्हा कदाचित खरं असेल, आज ते साफ चुकीचं आहे. बघायचंच असेल तर गाडीचं वय आणि किंमत बघा ना, आरसीवर सगळं लिहिलेलं असतं. म्हणून माझ्याकडे कुणी "गाडी घेऊ का?" विचारायला आली की मी आधी विचारते, तुला योजनेचे पैसे मिळतात का? महिन्याचे दीड हजार धरले तर वर्षाचे अठरा हजार. ते बंद होण्याची तयारी असेल तरच घे. आणि ती गाडी नवऱ्याच्या नावावर घेतलीस तरी तुझे पैसे जातीलच, कारण अट कुटुंबाची आहे. मग जायचेच असतील तर निदान गाडी तरी तुझ्या नावावर असू दे.

नाव कुणाचं, यानं प्रत्यक्षात काय फरक पडतो, असं मला एका वहिनींनी विचारलं होतं. पडतो हो. भांडण झालं, वाटणी झाली, नवरा अचानक गेला, कर्ज थकलं, की गाडी कागदावर ज्याची त्याचीच. सोन्याचं आपल्याला हे बरोबर समजतं, आईनं घातलेलं सोनं कुणाचं यावर आपण ठाम असतो. मग स्वतःच्या भिशीचे, बचत गटातून उचललेले, शिलाईचे पैसे घालून घेतलेली गाडी 'त्यांच्या' नावावर कशासाठी? "आरटीओत बायकांना कशाला खेपा घालायला लावायच्या" हे कारण मी हजारदा ऐकलं आहे. खेपा घालते मी. बँकेत, तहसीलमध्ये, शाळेत घालतेच ना?

विमा विसरू नका. गाडीसोबत जुन्या मालकाचा विमा मिळाला तरी तो १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. त्याला मिळत असलेली विनादावा सवलत मात्र त्याच्यासोबत जाते, ती गाडीची नसते. इतरांच्या नुकसानीचा विमा कायद्यानं सक्तीचा. हजार सीसीच्या आतल्या गाडीला २०२२ मध्ये ठरलेला दर २,०९४ रुपये अधिक कर. एवढ्या पैशांत टाळाटाळ करणाऱ्या माणसांना काय म्हणावं!

आता 'पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात' या समजाबद्दल. टीव्हीवर दिल्लीच्या बातम्या बघून आपल्याकडे अनेकांनी चांगल्या गाड्या कवडीमोलानं विकल्या. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी, ही बंदी हरित लवादानं दिल्ली परिसरापुरती घातली होती आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. त्यात नंतर बदलही झाले. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करून पुढे पाच-पाच वर्षं वाढवता येते. मात्र फुकट नाही. पूर्वी सहाशे रुपयांत होणारं हे काम एप्रिल २०२२ पासून पाच हजारांवर गेलं, वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार झालं; वर पर्यावरण कर वेगळा. म्हणून चौदा वर्षांची गाडी 'फार स्वस्त' मिळत असेल तर ती का स्वस्त आहे, ते आरसीवरची तारीख बघून समजून घ्या आणि तेवढे पैसे किमतीतून कापून मागा.

वर्षाचा खर्च म्हणाल, तर माझ्या वहीत मागच्या वर्षी पेट्रोल सोडून साडेअठरा हजार लागले. त्यात बॅटरी होती, दोन सर्व्हिसिंग, विमा आणि क्लचची वायर. टायरचं वर्ष असेल तेव्हा जास्त. मी दर महिन्याला दीड हजार वेगळ्या डब्यात टाकते, गाडीचा डबा म्हणून. त्या डब्याला मुलांच्या सहलीसाठीही हात लावत नाही. ज्यांना हे जमणार नसेल त्यांनी जुनी गाडी घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगते. घेताना स्वस्त आणि पुढे दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून ताडपत्रीखाली उभी, अशा कितीतरी गाड्या आपल्या गल्लीबोळांत आहेत.

शिवाय आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आहे. ते उसापासून होतं, मक्यापासून होतं आणि तांदळापासूनही, म्हणजे आपला धानही त्यात असू शकतो! पण जुन्या गाडीला ते तितकंसं मानवत नाही. जुन्या बनावटीच्या चारचाकीचं मायलेज सहा-सात टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दिला होता. पेट्रोलच्या रबरी नळ्याही लवकर कडक होतात. गाडी घेतल्यावर मेस्त्रीला आधी त्या बदलायला सांगा, फार खर्च नाही. गाडीत पेट्रोलचा वास येत असेल तर एक दिवसही चालवू नका.

गॅरेजमध्ये स्वतः जा. बदललेला जुना भाग मागून घ्या, बिल मागा, तारखेसह वहीत लिहा. पहिल्या दोन वेळा मेस्त्री तुमच्याशी न बोलता बाजूला उभ्या असलेल्या मुलाशी बोलेल, मग तो मुलगा सातवीत असला तरी! तिसऱ्या वेळी "ताई, या वेळी ब्रेक शू बघून घेऊ का?" असं तुम्हालाच विचारेल.

आणि गाडी बघायला शक्यतो पावसाळ्यात जा. विकणारा म्हणेल उघडीप झाल्यावर या. ऐकू नका, पाऊस सुरू असतानाच जा, काचा लावून दहा मिनिटं आत बसा आणि पाणी कुठून गळतं ते बघा.